पवनचक्कीचा निळा टॅग

पवनचक्की कशी असावी हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेला आयईसी ६१४०० म्हणतात. तिच्या पहिल्या भागात ग्रीडबद्दल एक गृहीतक आहे: वर्षातून वीस वेळा वीज जाईल. वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर हे मोठ्यानं वाचून दाखवावं आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहावेत. आपल्याकडे मृगाच्या एका वादळी आठवड्यात वीसचा आकडा पार होतो. त्याच भागात नेहमीच्या कामासाठी हवेचं तापमान उणे १० ते ४० अंश सेल्सिअस धरलंय. वैशाखात आपला पारा बेचाळीसच्या पुढे असतो. मानक चुकीचं आहे असं नाही. ते जिथे घडलं तिथली हवा आणि तिथलं ग्रीड त्यात उतरलंय, इतकंच.

महाराष्ट्रात पवनचक्क्या म्हटलं की पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, साताऱ्यावरची चाळकेवाडी आणि धुळ्यातलं ब्राह्मणवेल आठवतं. राज्यातली पवनक्षमता पाच हजार मेगावॉटच्या वर गेली, ती मुख्यतः पश्चिमेच्या पठारांवर. विदर्भात चिखलदऱ्याजवळ मोथ्याला थोड्या चक्क्या आहेत. वाशिमचं नाव या यादीत कुणी घेत नाही. पण प्रमाणपत्र म्हणजे काय, हे आपल्या भागाला शिकवावं लागत नाही. बीज प्रमाणीकरण यंत्रणेचं मुख्यालय शेजारी अकोल्यात आहे. निळ्या टॅगचं सोयाबीन किमान ७० टक्के उगवेल याची हमी टॅग देतो. एकरी उतारा किती येईल याची देत नाही. पवनचक्कीच्या प्रमाणपत्राचंही नेमकं असंच आहे, आणि त्या व्यवसायातल्या निम्म्या तक्रारी हा फरक न कळल्यामुळे होतात असं माझं मत आहे.

पवनचक्क्या तपासून मान्यता देण्याची सुरुवात डेन्मार्कची. तिथल्या रिसो प्रयोगशाळेत १९७८ साली लहान पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र निघालं. सरकारी अनुदान हवं असेल तर आधी रिसोची मान्यता घ्या, असा नियम झाला. एक ब्रेक निकामी झाला तरी चक्की थांबलीच पाहिजे, म्हणून दोन स्वतंत्र ब्रेक व्यवस्थांचा आग्रह तिथेच धरला गेला. पैशाला परीक्षेची अट जोडली, त्यामुळे कारखानदार मुकाट्यानं परीक्षेला बसले.

भारतात १९८६ साली रत्नागिरी, ओखा आणि तमिळनाडूचा किनारा इथे पहिल्या चक्क्या लागल्या. ५५ किलोवॉटच्या, डॅनिश बनावटीच्या. परीक्षा घेणारी संस्था मात्र बारा वर्षांनी आली. वाशिम जिल्हा झाला त्याच १९९८ साली चेन्नईत पवन ऊर्जा तंत्रज्ञान केंद्र स्थापन झालं. आज ते राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थान म्हणून ओळखलं जातं. त्याचं चाचणी केंद्र तमिळनाडूतल्या कयथारला आहे.  केंद्र उभारायला डेन्मार्कची मदत झाली. मान्यतेसाठी 'टॅप्स २०००' ही योजना आली आणि भारतातलं हवामान नि ग्रीड यांचा वेगळा विचार तिच्यात झाला. योजनेच्या नावातच 'तात्पुरती' हा शब्द होता आणि तिच्यावर दशकाहून जास्त काळ काम चाललं. सरकारी तात्पुरतेपणा आपल्याला नवा नाही.

प्रमाणपत्र मिळतं ते मॉडेलला, एकेका चक्कीला नव्हे. आधी आराखडा आणि भारांची गणितं तपासतात, मग कारखान्यातली उत्पादनाची शिस्त, मग प्रत्यक्ष चाचण्या. त्यातली सगळ्यात चिकाटीची चाचणी वीजनिर्मितीची. चक्कीपासून पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर मास्ट, म्हणजे उंच खांब, उभारतात. व्यास ८८ मीटर असेल तर अडीच पटीनं २२० मीटर. मास्टवरचं अ‍ॅनिमोमीटर वारा मोजतं, इकडे मीटर वीज मोजतं, आणि दहा-दहा मिनिटांची सरासरी नोंदत जातात. वाऱ्याच्या वेगाचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे कप्पे पाडलेले असतात. प्रत्येक कप्प्यात निदान तीस मिनिटांची आणि एकूण निदान १८० तासांची माहिती हवी. जोराचा वारा आला नाही तर त्याची वाट पाहत बसायचं, दुसरा इलाज नाही.

यातून निघालेला आलेख समुद्रसपाटीच्या हवेसाठी, म्हणजे घनमीटरला १.२२५ किलो घनतेसाठी मांडतात. चाळकेवाडीसारख्या अकराशे मीटरच्या पठारावर पंचवीस अंशाला हीच घनता १.०४ च्या आसपास येते. त्याच वाऱ्यात वीज सुमारे पंधरा टक्के कमी. वाशिम तेवढं उंच नाही, पण बेचाळीस अंशाच्या दुपारी आपलीही हवा जवळपास तितकीच विरळ होते. विकणाऱ्याच्या रंगीत पुस्तिकेत आलेख १.२२५ चा असतो. घेणाऱ्यानं तो आपल्या हवेचा करून मागायला हवा.

पात्याची परीक्षा वेगळी. एक पातं बुडाशी घट्ट पकडून वाकवतात, मग महिनोन्‌महिने, दहा लाखांच्या पटीत, वरखाली आणि आडवं हलवतात. वीस वर्षांचा थकवा असा काही महिन्यांत आणायचा. पण परीक्षेला बसतं एक पातं, आणि कारखान्यातून त्याच मॉडेलची हजारो बाहेर पडतात. पुण्यातून कारभार चालणाऱ्या सुझलॉनच्या एस-८८ चक्क्यांच्या पात्यांना अमेरिकेत तडे गेले, तेव्हा २००८ मध्ये कंपनीनं १,२५१ पाती मजबूत करून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. मॉडेल मान्यताप्राप्त असूनही हे झालं.

महाराष्ट्रात खरा घोळ चाचणीपेक्षा कराच्या हिशेबात होता. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे, पुढे ८० टक्के. चक्की उभी राहिली की कर वाचला. ती किती फिरते हे विचारायची घाई कुणाला नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रानं प्रत्येक युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन आणलं, तेव्हा कुठे वीज मोजून पैसे देण्याची भाषा सुरू झाली. मला ते उशिरा सुचलेलं शहाणपण वाटतं.

वाशिममध्ये पवनचक्की घेण्याचा प्रश्न आलाच तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या छोट्या चक्कीच्या रूपानं येईल. पात्यांच्या घेराचं क्षेत्रफळ २०० चौरस मीटरपर्यंत असेल तर मानकाचा दुसरा भाग लागू होतो. त्यात सहा महिन्यांची टिकाऊपणाची चाचणी आहे: निदान २,५०० तास वीज द्यायची, त्यातले २५० तास जोराच्या वाऱ्यात. तो अहवाल सरपंचांनी जरूर मागावा. पण त्याआधी जागेवर, चक्कीच्या उंचीला, वर्षभर वारा मोजून घ्यावा. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनानं बदलते. सेकंदाला साडेसात मीटरऐवजी साडेचार मीटर वारा असेल तर त्यात ऊर्जा उरते जेमतेम पाचवा हिस्सा, आणि तेवढ्यावर छपरावरच्या चक्कीचा खर्च भरून निघणं कठीण.