चार अक्षरांचा टायर

‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ हा खेळ १९९८ साली ज्यांनी खेळला, त्यांना पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन गवतात गेलेली गाडी आठवत असेल. १९६७ सालच्या मोसमातल्या त्या फॉर्म्युला वन गाड्या, इंजिनात भरपूर ताकद आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख नाहीत. खेळच सदोष आहे, असे अनेकांचे मत झाले. मला मात्र त्या गिरकीने कायमचा नाद लावला. टायर रस्ता धरतो म्हणजे नेमके काय करतो, आणि ते धरणे प्रोग्रॅममध्ये कोणी, कशाच्या आधारावर लिहिले?

खेळ पॅपिरस या अमेरिकी कंपनीचा, त्यामागचे डोके डेव्हिड केमर यांचे. पण टायरचा माग काढत गेलो की वाट नेदरलँड्सकडे वळते, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातल्या हान्स पाचेका यांच्याकडे. १९८७ साली व्होल्व्होच्या सहकार्याने पाचेका, बाकर आणि नायबोर्ग यांनी टायरचे एक सूत्र प्रसिद्ध केले. पुढे ते ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणून ओळखले गेले. यातली जादू अशी, की सूत्राला भौतिकशास्त्राचा पाया नाही. टायर यंत्रावर फिरवून मोजला, बिंदू कागदावर मांडले आणि त्यांच्यावरून नीट जाईल अशी एक वक्ररेषा शोधली. साइनच्या पोटात आर्कटॅन, त्याच्या पोटात पुन्हा आर्कटॅन आणि चार अक्षरे.

डी म्हणजे पकडीचे शिखर. बी वाढवला की स्टिअरिंग जरासे हलवताच गाडी झटकन वळते. ई शिखराजवळचा उतार गोल किंवा टोकदार करतो. सी सगळ्यांत दुर्लक्षित, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. टायर बेसुमार घसरू लागल्यावर किती पकड उरेल, हे तोच ठरवतो. बाजूच्या बलासाठी सी साधारण १.३ धरतात. घसरण वाढत गेली की आर्कटॅन ९० अंशांकडे जातो; त्याला १.३ ने गुणून ११७ अंशांचा साइन काढायचा, उत्तर ०.८९. म्हणजे गाडी कितीही आडवी गेली तरी शिखरावरची ८९ टक्के पकड शाबूत! ब्रेकिंगसाठी सी १.६५ घेतात, तिथे ५२ टक्केच उरते. गाडी आडवी घालून आरामात ड्रिफ्ट करता येणारे कितीतरी खेळ या एका आकड्यावर उभे आहेत.

दुसरी गोम डीमध्ये आहे. टायरवरचे वजन दुप्पट केले तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमी वाढते. समजा, पुढच्या दोन्ही चाकांवर प्रत्येकी ३०० किलो वजन आहे आणि पकडीचा गुणांक १ आहे: एकूण ६००. वळणावर वजन सरकून ४५० आणि १५० झाले, गुणांक ०.९३ आणि १.०५ झाले, तर बेरीज भरते ५७६. हे हरवलेले २४ म्हणजेच अंडरस्टिअर. पुढचा अँटी-रोल बार कडक केला की पुढच्या चाकांवर वजन जास्त सरकते आणि गाडी वळणाबाहेर रेटली जाते, ती याचमुळे. डी वजनाच्या सरळ प्रमाणात लिहिणाऱ्याच्या गाडीत हा बार कितीही पिळा, पुढच्या-मागच्या पकडीचा तोल तसूभरही हलत नाही. गाडी हाताला बरी लागेना की लोक आधी स्प्रिंग आणि डँपरच्या मागे लागतात. आधी वजनाबरोबर डी कसा वाढतो, हा एक उतार तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन.

केमर यांनी पुढे जॉन हेन्री यांच्याबरोबर आयरेसिंग हा सिम्युलेटर उभारला, २००८ मध्ये तो खुला झाला. तिथे त्यांनी वेगळी वाट धरली. मोजून काढलेली वक्ररेषा, मोजमाप जिथवर झाले तिथवरच खरी. टायर मोजण्याच्या यंत्रावर सहसा डांबर नसते, पॉलिशपेपरसारखा खरखरीत पट्टा असतो. शिवाय सिम्युलेटरमधला चालक नेमका तिथेच जातो जिथे यंत्र जात नाही: चाके पूर्ण आडवी, रबर तापून ओशट झालेले. म्हणून रबराचे ताणले जाणे, तापणे, रस्त्याला चिकटणे आणि सुटणे हे मुळापासून गणिताने उभे करायचे, असा चंग केमर यांनी बांधला. २०११ साली आयरेसिंगमध्ये नवा टायर आला आणि तक्रारी सुरू झाल्या: एकदा घसरलात की पकड परत येतच नाही. ८९ टक्क्यांच्या शेपटीला सरावलेल्या हातांना तो टायर निर्दय वाटला. त्यानंतर त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या. तरीही मोजलेली वक्ररेषा की मुळापासूनचे गणित, या वादात मी केमर यांच्या बाजूचा आहे.

मात्र पाचेका म्हणजे नुसती वक्ररेषा, असे समजणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांचा १९६६ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध होता शिमीवर, म्हणजे धावते चाक आपोआप डावी-उजवीकडे थरथरू लागते त्या दोषावर. तिथे रबराच्या लवचिकपणाचा विचार केल्याशिवाय पान हलत नाही. स्टिअरिंग वळवताच बाजूचे बल तत्क्षणी तयार होत नाही. त्यासाठी चाकाला थोडे अंतर घरंगळावे लागते. या अंतराला रिलॅक्सेशन लेंग्थ म्हणतात.

सिम्युलेटर लिहिणाऱ्यांची मोठी डोकेदुखी इथेच सुटते. चाकाची घसरण काढताना वेगाने भागावे लागते. गाडी थांबत आली की भाजक शून्याकडे जातो, आकडे भडकतात आणि उभी गाडी जागच्या जागी थडथडू लागते. बर्नार्ड आणि क्लोव्हर यांनी १९९५ मध्ये यावर तोड मांडली: घसरण भागाकाराने थेट काढू नका, ती कापलेल्या अंतरागणिक हळूहळू वाढू द्या, रिलॅक्सेशन लेंग्थच्या हिशेबाने. चढावर ब्रेक दाबून थांबवलेली गाडी मग स्प्रिंगवर असल्यासारखी मागे-पुढे झुलत राहू शकते, त्यासाठी वेगळे डँपिंग घालावे लागते. पण थडथड थांबते. नवा सिम्युलेटर हाती आला की मी शर्यत लावण्याआधी गाडी चढावर उभी करतो आणि टायर लिहिणाऱ्याने हे काम कितपत निगुतीने केले आहे, ते पाहून घेतो.