विश्लेषण : पुण्यात नोकरी लागली, पण राहायचे कुठे? भाड्यापलीकडचा हिशेब कसा मांडावा?

लातूर, जळगाव, सांगली किंवा अकोल्याहून पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या तरुणांच्या हाती नियुक्तिपत्र आणि रुजू होण्याची तारीख यांच्यात बहुतेकदा जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. तेवढ्या दिवसांत मोबाइलवर फोटो पाहून, कुणा मित्राच्या मित्राला विचारून खोली ठरवली जाते. त्या निर्णयात पन्नास हजारांच्या घरात डिपॉझिट अडकू शकते आणि रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर जाऊ शकतात. एकट्याने राहणाऱ्या नोकरदाराने घर निवडताना काय पाहावे, करारात काय तपासावे आणि घाई कुठे टाळावी, याविषयी.

आधी परिसर ठरवावा की घर?

आधी परिसर, आणि तोही ऑफिसच्या नेमक्या इमारतीवरून. ‘पुण्यात नोकरी’ हा पत्ता पुरेसा नाही. हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क शहराच्या पश्चिमेला आहे, तर खराडीचे ईऑन आणि हडपसरची मगरपट्टा सायबर सिटी पूर्वेला. चाकणचे कारखाने उत्तरेला, तर रांजणगावचे नगर रस्त्याने बरेच पुढे. एका टोकाला राहून दुसऱ्या टोकाला नोकरी करायची तर अख्खे शहर रोज दोनदा ओलांडावे लागते.

म्हणून हिंजवडीत काम असणारे वाकड, मारुंजी, बालेवाडी, बाणेरकडे पाहतात. खराडीत काम असणाऱ्यांसाठी चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर आणि त्याहून स्वस्त हवे असल्यास वाघोली हे पर्याय असतात. चाकणला जाणारे भोसरी, मोशी परिसरात राहतात. कारखान्यातील नोकरी असेल तर नकाशापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असतो तो कंपनीच्या बसचा. बस कुठल्या चौकातून आणि किती वाजता सुटते, हे रुजू होण्याआधीच एचआरला विचारावे. त्या थांब्यापासून पायी दहा मिनिटांवरची खोली ही अनेकदा कारखान्याजवळच्या खोलीपेक्षा सोयीची ठरते.

लांबचे स्वस्त घर खरेच स्वस्त असते का?

ते महिन्यातून किती दिवस ऑफिसला जायचे, यावर अवलंबून असते. समजा, ऑफिसजवळच्या खोलीचे भाडे १४ हजार रुपये आहे आणि १५ किलोमीटर लांबच्या खोलीचे १० हजार. जवळून पोहोचायला १५ मिनिटे लागतात, लांबून सव्वा तास. म्हणजे रोजचे दोन तास जास्त. महिन्यातून २२ दिवस जायचे असेल तर ४४ तास. दुचाकीने रोज ३० किलोमीटर जादा फिरण्याचा पेट्रोलचा खर्च महिन्याला सुमारे दीड हजार रुपये. चार हजारांच्या बचतीतून तो वजा केला तर उरतात अडीच हजार. ४४ तासांच्या बदल्यात अडीच हजार, म्हणजे तासाला ५७ रुपये. गाडीची झीज, पावसाळा आणि पाठदुखी वेगळीच.

आता तीच दोन घरे, पण ऑफिसला महिन्यातून फक्त आठ दिवस जायचे आहे, असे धरा. जादा वेळ १६ तास, पेट्रोल साधारण साडेपाचशे रुपये. बचत जवळपास ३,४४० रुपये, म्हणजे तासाला २१५ रुपये. येथे लांबचे घर परवडते. एकच खोली एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त पडते ती अशी. त्यामुळे ‘कुठे स्वस्त आहे’ हे इतरांना विचारण्याआधी आपले ऑफिसचे दिवस आणि शिफ्ट निश्चित करून घ्यावी. भाड्याची कुवतही वार्षिक पॅकेजवरून काढू नये. दरमहा खात्यात प्रत्यक्ष जमा होणाऱ्या पगारातून घरी पाठवायचे पैसे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता वजा करून काढावी.

मेट्रोमुळे पर्याय वाढले का?

मेट्रोच्या मार्गावर ऑफिस असेल तर नक्कीच. पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. वनाजकडून येणारी मार्गिका मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत पोहोचली आणि पिंपरीकडून येणारी मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळतात. त्यामुळे कोथरूड किंवा पिंपरीत राहून नगर रस्त्यावरचे ऑफिस गाठणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. मात्र रामवाडीपासून खराडीच्या आयटी पार्कपर्यंतचे काही किलोमीटर रिक्षा किंवा बसनेच जावे लागते. तो वेळ आणि खर्च हिशेबात धरावा.

हिंजवडीतील माण ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची स्वतंत्र मार्गिका आहे. या किंवा कुठल्याही मार्गिकेबाबत नियम एकच : ज्या स्थानकातून आज गाडी सुटते, तेच स्थानक धरावे. ‘लवकरच मेट्रो येणार’ हे एजंटचे वाक्य अकरा महिन्यांच्या करारासाठी जादा भाडे देण्याचे कारण होऊ शकत नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव भागात राहणाऱ्यांना पुणे-लोणावळा लोकलचाही आधार आहे.

पीजी, कॉट बेसिस की फ्लॅट?

कॉट बेसिस म्हणजे खोलीतील एका खाटेचे भाडे. सदाशिव पेठ, नारायण पेठेत विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत जुनीच आहे. डिपॉझिट कमी, सामान काही लागत नाही. पण खोलीत आणखी दोघे-तिघे. पीजीमध्ये जेवण, साफसफाई, वायफाय असते आणि महिन्याभराची नोटीस देऊन बाहेर पडता येते. मात्र येण्या-जाण्याच्या वेळा आणि पाहुण्यांचे नियम आधी विचारावेत. रात्रपाळी असणाऱ्याला दहा वाजता फाटक बंद होणारे पीजी उपयोगाचे नाही. दरमहा २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या वसतिगृहातील वास्तव्यावर जीएसटी लागू नाही, ही सवलत २०२४ मध्ये देण्यात आली. बिलात कर जोडला असेल तर हे लक्षात ठेवावे.

दोघा-तिघांनी मिळून फ्लॅट घेतला तर माणशी भाडे कमी होते आणि मोकळीक मिळते. पण गादी, गॅस, फ्रिज, मोलकरीण, वीजबिल हे सगळे स्वतः जमवावे लागते. एक जण मध्येच सोडून गेला तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. त्यामुळे करारात सगळ्यांची नावे असणे आणि डिपॉझिटमध्ये कुणाचे किती, हे लिहून ठेवणे गरजेचे.

सोसायटी ‘बॅचलर’ला नाही म्हणू शकते का?

व्यवहारात अनेक सोसायट्या म्हणतात. मात्र गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावे लागते. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी आकारते ते ना-वापर शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि ते देण्याची जबाबदारी सभासदाची असते. एवढे असूनही नव्या शहरात पहिल्याच महिन्यात समितीशी वाद घालत बसणे कुणालाच परवडत नाही. म्हणून टोकन देण्याआधी ‘अविवाहित भाडेकरू चालतात का, मित्र-मैत्रिणी, आई-वडील येऊन राहिलेले चालतात का’ हे घरमालकाकडून मेसेजवर लेखी घ्यावे.

पाणी आणि रात्रीचा रस्ता कसा तपासावा?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे होता. शहराच्या कडेने वाढलेल्या अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर चालतात. पाणी कुठून येते, किती वेळ येते, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे, हे एजंटपेक्षा सुरक्षारक्षक किंवा शेजारी खरे सांगतात. मे महिन्यात काय होते, हेही त्यांनाच विचारावे.

घर दिवसा पाहिले असेल तर एकदा रात्री दहानंतर त्याच रस्त्याने पायी जाऊन पाहावे. दिवे आहेत का, रिक्षा मिळते का, जवळ उघडे मेडिकल दुकान आहे का? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीने काम देता येते, मात्र त्यांना घराच्या दारापर्यंत सोडण्याची व्यवस्था आस्थापनेने करायची असते. कंपनीची कॅब कोणत्या भागापर्यंत सोडते, हे घर ठरवण्याआधीच विचारावे.

करार अकरा महिन्यांचाच का आणि त्यात काय पाहावे?

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र त्याने नोंदणी टळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. केवळ नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी ऑनलाइन, आधार पडताळणीने घरबसल्या होते. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे आणि डिपॉझिटवरील दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. १५ हजार भाडे आणि ५० हजार डिपॉझिट असेल, तर ते चार-पाचशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत एक हजार रुपये. एजंट याहून फार मोठी रक्कम सांगत असेल तर त्यातील सरकारी शुल्क किती, हे विचारावे.

करारात चार गोष्टी शोधाव्यात : लॉक-इन किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगकाम-साफसफाईपोटी त्यातून किती कापणार. डिपॉझिट बँकेमार्फतच द्यावे आणि तो आकडा करारात असावा. किल्ली घेतानाच भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडीओ काढून घरमालकाला पाठवावा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने पैसे द्यावे लागू शकतात, हेही याच कायद्यात आहे.

प्रत्यक्ष घर न पाहता ऑनलाइन टोकन कधीही पाठवू नये. ‘बदली झाली आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असे सांगून किंवा पैसे ‘परत करण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावून फसवणूक होते. पैसे स्वीकारण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो.

मग सुरुवात कशी करावी?

गावाहून निघण्याआधी अकरा महिन्यांचे घर ठरवूच नये. कंपनी पहिले काही दिवस राहण्याची सोय किंवा स्थलांतर भत्ता देते का, ते विचारावे. नसेल तर ऑफिसजवळच्या, लॉक-इन नसलेल्या पीजीत एक महिना काढावा. त्या महिन्यात शिफ्ट, ऑफिसचे दिवस, सहकारी कुठे राहतात, हे सगळे उलगडते. मनात असलेल्या परिसरातून सोमवारी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला एकदा प्रवास करून पाहता येतो. रविवारी दुपारी मॅपवर दिसणारी २५ मिनिटे तेव्हा किती होतात, ते कळते. घरभाडे भत्त्यावरील करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. त्यामुळे पगारातून कर कसा कापायचा, हे ठरवतानाच भाड्याचा विचार करावा. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. तो द्यायला मालक तयार आहे का, हे आधी पाहावे.

प्रकल्प बदलला की हिंजवडीतून खराडीला बदली होऊ शकते. नोकरीच बदलली तर शहरही बदलते. अशा काळात पहिले घर आदर्श असण्यापेक्षा महिन्याभराच्या नोटिशीवर, डिपॉझिट न गमावता सोडता येईल असे असणे जास्त महत्त्वाचे. शहर पुरते समजल्यावर दुसरे घर शोधायला पुढचे अकरा महिने असतातच.