जीवनकौशल्यं फळ्यावर शिकवून येतात का? शाळेतले मित्रगट नेमकं काय करतात?

नववीतल्या मुलापुढे मित्रानं सिगारेट धरली तर काय करायचं, हे त्याला माहीत असतं. 'नको' म्हणायचं. पेपरात हा प्रश्न आला तर तो बरोबर उत्तर लिहील आणि त्याला पूर्ण गुणही मिळतील. खरी अडचण येते ती चार मित्र बघत असताना तेच 'नको' तोंडातून काढताना.

माहीत असणं आणि करता येणं यातलं हे अंतर कमी करणं म्हणजेच जीवनकौशल्यांचं शिक्षण. पण ते द्यायचं कसं? पुस्तकातून, शिक्षकांच्या व्याख्यानातून, की मुलांच्या आपापल्या गटातून?

हा प्रश्न फक्त शिक्षणतज्ज्ञांपुरता नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातली होती. प्रत्येक घटनेमागची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात. पण मनातलं बोलायला मुलांना शाळेत जागा आहे का, हा प्रश्न या आकड्यांमुळे टाळता येत नाही.

जीवनकौशल्यं म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं 1990च्या दशकात दहा मूलभूत जीवनकौशल्यं मांडली. स्वतःची जाणीव, समानुभूती, परिणामकारक संवाद, नातेसंबंध जपणं, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं, अशी ही यादी आहे.

यातलं एकही कौशल्य एकट्यानं बसून पाठ करता येत नाही. संवादाला समोर माणूस लागतो आणि समानुभूतीला दुसऱ्याचं दुःख ऐकावं लागतं. पोहणं जसं पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही, तशीच ही कौशल्यंही इतरांसोबत वागून, चुकून आणि पुन्हा करून येतात.

मग शिकवायला मित्रच का?

कारण या वयात मित्रांचं वजन सगळ्यात जास्त असतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात किशोरवयीन मुलं, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळायला दिला. काही जण एकटे खेळले, तर काही जण आपल्या वयाच्या सोबत्यांसमोर.

सोबती असताना प्रौढांच्या खेळण्यात फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलांनी मात्र एकटं असतानापेक्षा बराच जास्त धोका पत्करला.

पालक यावरून 'संगत वाईट' असा निष्कर्ष काढतील. पण या ताकदीला दुसरी बाजूही आहे. मित्रांचं ऐकून मूल धोका पत्करत असेल, तर मित्रांच्याच पाठिंब्यानं ते मदतही मागू शकतं. शाळेतल्या मित्रगटाची कल्पना याच विचारावर उभी आहे.

गटात काय होतं?

साधारण रचना सोपी असते. दहा-पंधरा मुलं गोल करून बसतात. सोबत एक प्रशिक्षित मोठी व्यक्ती असते, पण ती भाषण देत नाही. सुरुवातीला नियम ठरतात. कुणाच्या बोलण्यावर हसायचं नाही, मध्ये तोडायचं नाही आणि इथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही.

मग एखादा प्रसंग घेतला जातो. वर्गातल्या मुलीचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, आता काय करायचं? मुलं तो प्रसंग करून बघतात. एक जण फोटो टाकणारा, एक जण विरोध करणारा आणि बाकीचे गप्प बसणारे. नंतर भूमिका बदलतात. गप्प बसणाऱ्याला काय वाटलं, विरोध करणाऱ्याला कुठले शब्द सापडले, यावर चर्चा होते.

गुप्ततेच्या नियमाला एक अपवाद सुरुवातीलाच सांगावा लागतो. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणावर अत्याचार होत असेल, तर ते भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगायचंच. इथं मित्राचं काम ऐकून घेण्याचं आणि योग्य माणसापर्यंत नेण्याचं असतं, उपचार करण्याचं नाही.

भारतात हे करून पाहिलंय का?

हो. मुंबई महापालिकेच्या 45 शाळांमध्ये 2008 पासून 'जेम्स' नावाचा उपक्रम राबवला गेला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत स्त्री-पुरुष समानता आणि हिंसा यावर काम केलं. काही शाळांत शाळाभर मोहीम झाली, तर काहींत मोहिमेसोबत गटांमध्ये सत्रंही झाली. मुलांच्या दृष्टिकोनात जास्त बदल दिसला तो गटसत्रं झालेल्या शाळांमध्ये.

त्याहून मोठा धडा बिहारमधून मिळाला. गोव्यातल्या 'संगत' या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये 'सेहेर' हा प्रयोग केला. 2018 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 74 शाळांचा समावेश होता. त्यात मित्रगट, तक्रार आणि प्रश्नांसाठी पेटी, भित्तिपत्रक, कार्यशाळा आणि गरज पडल्यास वैयक्तिक समुपदेशन, असं सगळं होतं.

शाळांचे तीन भाग केले होते. एका भागात हे काम बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकानं केलं. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. दुसऱ्या भागात तेच काम शाळेतल्या शिक्षकानं केलं. तिसऱ्या भागात फक्त सरकारचा नेहमीचा वर्गातला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम होता.

समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी तोच कार्यक्रम राबवलेल्या शाळांमध्ये मात्र नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा काही फायदा दिसला नाही.

शिक्षक कमी पडले का?

असा अर्थ काढणं घाईचं ठरेल. समुपदेशकाचं ते एकच काम होतं. शिक्षकाकडे ते तास, पेपर तपासणं आणि सरकारी माहिती भरणं सांभाळून आलं होतं. शिवाय जे सर सकाळी गुण देतात आणि पालकांना बोलावून घेतात, त्यांच्यासमोर दुपारी मन मोकळं करणं मुलांना सोपं नसतं.

हा मुद्दा आजच्या धोरणासाठी महत्त्वाचा आहे. आयुष्मान भारत योजनेतला शालेय आरोग्य कार्यक्रम 2020 मध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करण्यावर भर आहे. त्यांना वेळ मोकळा करून दिला नाही, तर हा कार्यक्रम आणखी एक तास होऊन बसण्याची भीती आहे.

दुसरीकडे, जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असंही सांगितलं.

गटामुळे नुकसान होऊ शकतं का?

होऊ शकतं. अमेरिकेतल्या थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की, फक्त वागणुकीच्या तक्रारी असलेल्या मुलांचा वेगळा गट केला, तर ती एकमेकांच्या चुकीच्या वागण्याला दाद देऊ लागतात. म्हणजे 'बिघडलेल्या' मुलांना एका खोलीत बसवणं हा उपाय उलटू शकतो.

म्हणून गट मिश्र असावा. हुशार, मागच्या बाकावरची, गप्प राहणारी, मस्तीखोर, सगळी मुलं त्यात हवीत. गटप्रमुख म्हणून दरवेळी मॉनिटरलाच निवडू नये. वर्गातली मुलं अडचणीत कुणाकडे जातात, हे त्यांनाच विचारावं.

शाळेनं सुरुवात कुठून करावी?

त्यासाठी नवं पुस्तक लागत नाही. आठवड्यातला एक ठरलेला तास, गोल बसता येईल अशी जागा, गुण न देणारी एक प्रशिक्षित व्यक्ती आणि अडचण मोठी असेल तर पुढे कुणाकडे जायचं याचा पत्ता, एवढं पुरतं. यातलं सगळ्यात अवघड आहे तो तास टिकवणं. परीक्षा जवळ आली की तो सगळ्यात आधी गणिताला दिला जातो आणि मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

(मनावर ताण असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइनही उपलब्ध आहे.)