दोन किलोचं माप

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कवितेत मी शेकरूला 'चिमुकलं' म्हणून गेलो होतो. कविता दिवाळी अंकात छापून आली आणि आठवड्याभरात डिंभ्याच्या पलीकडच्या एका वाडीतून शाळासोबत्याचं पोस्टकार्ड आलं. हा मित्र महादेव कोळी, सारा जन्म भीमाशंकरच्या रानाच्या कडेला काढलेला. कार्डावर दोनच ओळी होत्या : 'तुझ्या अब्बांच्या तागडीतलं दोन किलोचं माप आठवतं का? ते उचलून बघ आणि मग शेकरू चिमुकलं आहे का ते सांग.'

माझे अब्बा घोडेगावात हिरडा विकत घेत. उन्हाळ्यात वाड्यावाड्यांतून बाळहिरड्याची पोती यायची आणि मापं उचलून देण्याचं काम माझ्याकडे असायचं. ते लोखंडी माप मला चांगलं ठाऊक होतं. तेवढ्या वजनाचा प्राणी झाडाच्या शेंड्यावरून उड्या मारत जातो, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. कवितेसाठी लांबून पाहिलं होतं, एवढंच.

आपल्या अंगणातली खार शंभर-सव्वाशे ग्रॅमची. शेकरू भरतं दीड ते दोन किलो. म्हणजे तागडीच्या एका पारड्यात एक शेकरू ठेवलं, तर दुसऱ्यात पंधराएक खारी ठेवाव्या लागतील. धड सव्वा फुटाच्या आसपास आणि शेपटी त्याहून लांब, दीड ते दोन फुटांची. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलं तर तीन फूट सहज भरतात. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळसर पांढरं. दक्षिणेकडच्या रानांत याच शेकरूच्या अंगावर काळा रंगही दिसतो. हा प्राणी फक्त भारतात सापडतो. आपल्याकडे भीमाशंकर, फणसाड, मेळघाट ही त्याची ठिकाणं. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे शाळेतली मुलं पाठ म्हणून दाखवतात. पण पाहिलेला असतो थोड्यांनी.

आता प्रश्न असा, की एवढं वजन घेऊन हा प्राणी बारीक फांदीवर राहतो कसा? याचं उत्तर त्याच्या शेपटीत आहे. शेकरू जेवताना बघा. मागच्या पायांनी ते फांदी घट्ट धरतं आणि अंग फांदीच्या आडवं टाकतं. एका बाजूला डोकं आणि पुढचे पाय, दुसऱ्या बाजूला लोंबती शेपटी. मधली फांदी म्हणजे तागडीची दांडीच समजा. पुढचे दोन्ही पाय असे मोकळे झाले, की त्यात जांभूळ धरा, उंबर धरा, नाहीतर कठीण कवचाचं बी फोडा. मित्राच्या पोस्टकार्डानंतर मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा अब्बा तागडीचा काटा जुळेपर्यंत कसे श्वास रोखून धरत, ते आठवलं.

घरट्याचंही तसंच. काटक्या आणि पानं रचून केलेला हा मोठा गोळा शेकरू उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधतं. तिथं बिबट्यासारखं जड जनावर पोचत नाही. फांदी शेकरूचं वजन पेलते, त्याच्या शत्रूचं पेलत नाही. एकच शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, काही झोपायला, एखादं पिल्लांसाठी. त्यामुळे दहा घरटी दिसली म्हणजे दहा शेकरं आहेत, असा हिशेब करायचा नसतो.

आयुष्याचं म्हणाल, तर प्राणिसंग्रहालयात शेकरू वीस वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. रानात ससाणे-गरुड असतात, उपासमार असते, तिथं एवढं आयुष्य क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. तरीही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळात हे आयुष्य मोठंच म्हणायचं. उंदीर याच कुळातला, आणि तो दोन-तीन वर्षांत आटोपतो. सस्तन प्राण्यांत साधारण असं दिसतं, की अंगानं मोठा तो जास्त जगतो आणि जमिनीवर राहणाऱ्यापेक्षा झाडावर राहणारा जास्त जगतो. शेकरूला या दोन्ही गोष्टी लाभल्या आहेत.

पण लांब आयुष्याची किंमत मोजावी लागते. अंगणातल्या खारीला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात आणि वर्षातून एकाहून जास्त वेळा होतात. शेकरूला बहुधा एक, फार तर दोन. खारी मेल्या तर वर्षभरात अंगण पुन्हा भरतं. शेकरू गेलं, की त्याची जागा भरायला वेळ लागतो. जगभरातल्या प्राण्यांच्या धोक्याच्या यादीत शेकरू आज फार वरच्या पायरीवर नाही, पण त्याची संख्या घटते आहे, असं तीच यादी सांगते.

घटतं कशानं? शिकारीनं, आणि जंगल तुटण्यानं. शेकरू वीस फुटांची उडी मारतं. ऐकायला मोठी वाटते, पण मोठा रस्ता काढला की दोन्हीकडच्या शेंड्यांमध्ये वीस फुटांहून जास्त अंतर पडतं. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. नकाशावर ते सलग दिसतं. शेकरूचा नकाशा मात्र वरून, फांदीला फांदी लागेल तसा काढलेला असतो.

मित्राच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुनं जांभूळ झुकलेलं होतं. पलीकडच्या आंब्याला त्याची फांदी टेकायची. रस्ता मोकळा करायचा म्हणून कुणीतरी ते तोडलं. पंधरवड्यानं एक शेकरू आंब्यावरून खाली उतरलं, रस्ता ओलांडायला. झाडावर जी शेपटी तोल सांभाळते, ती जमिनीवर मागे फरफटत येते. वाडीतल्या कुत्र्यांनी त्याला अर्ध्या रस्त्यातच गाठलं. मित्रानं ते उचलून बाजूला नेलं. मला फोनवर म्हणाला, "कवी, दोन किलोच होतं बघ. पण हाताला लई जड लागलं."

तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून, या झाडापासून त्या झाडापर्यंत पूल टांगले आहेत. आपल्याकडेही हे होऊ शकतं. पण त्याहून स्वस्त उपाय म्हणजे, जिथं दोन फांद्या रस्त्यावर एकमेकींना भेटतात, तिथं त्या तशाच राहू देणं. भीमाशंकरला दर्शनाला जाल तेव्हा गाडीतून एकदा वर बघा. रस्त्यावर सावली सलग असेल तर समजा, की वरचा रस्ताही चालू आहे.

मित्रानं तुटलेल्या जांभळाशेजारी नवं रोप लावलं आहे. त्याची फांदी आंब्याला टेकायला पुष्कळ वर्षं लागतील. ती कविता पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा मी 'चिमुकलं' हा शब्द काढून टाकला. त्या जागी दुसरा शब्द अजून सुचलेला नाही. जागा मोकळीच ठेवली आहे.