तुळशीला मे महिन्याचे ऊन किती मानवते?

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत गॅलरीत जाऊन पाहा. कठड्याला बांधलेल्या डब्यातली तुळस मान टाकून उभी असते. सकाळी आजीने तांब्याभर पाणी घातलेले असूनही तिची ही अवस्था! सूर्यप्रकाशात पाने अन्न तयार करतात, असे आपण शाळेत शिकतो. मग एवढ्या उन्हात तुळशीची चंगळच व्हायला हवी. ती का होत नाही?

ऊन म्हटले की आपण प्रकाश आणि उष्णता यांना एकत्रच धरतो. पानाच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाशसंश्लेषणाचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते, पाण्याचे विघटन होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. प्रकाश शोषण्याच्या या क्रियेवर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या टप्प्यात कार्बन डाय-ऑक्साइडपासून शर्करा बनते. हे काम विकरे करतात आणि ती तापमानाच्या बाबतीत मोठी हळवी असतात. ठरावीक मर्यादेपर्यंत तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की त्यांचा वेग साधारण दुप्पट होतो.

गिरणगावातल्या गिरण्या चालू होत्या, तेव्हाची गोष्ट घ्या. सूतच कमी आले, तर साचेखात्यात कितीही कुशल कामगार असले तरी कापड वाढत नसे. पानाचेही तसेच आहे. केंब्रिजच्या गॅब्रिएल मथाई यांनी १९०४ साली हेच प्रयोगाने दाखवले. मंद प्रकाशात पानाचे तापमान वाढवून उपयोग झाला नाही. प्रखर प्रकाशात मात्र तापमानाबरोबर वेग वाढत गेला. त्यावरून ब्लॅकमन यांनी १९०५ साली मर्यादाकारक घटकांचे तत्त्व मांडले. जो घटक सर्वांत अपुरा, तोच कामाचा वेग ठरवतो. आपल्या मुंबईत जुलैत आभाळ भरून येते, तेव्हा हवा उबदारच असते. उणीव असते ती प्रकाशाची. थंडीने पानांचे काम अडावे, असे दिवस इथे क्वचितच येतात.

मे महिन्यात पारडे उलटते. मथाईबाईंना आणखी एक गोष्ट दिसली होती. तापमान फार वाढवले, की सुरुवातीचा वेग टिकत नाही. वेळ जाईल तसा तो घसरत जातो. आज आपल्याला याची कारणे माहीत आहेत. कार्बन डाय-ऑक्साइड पकडणारे मुख्य विकर म्हणजे रुबिस्को. उष्णता वाढली, की ते चुकून प्राणवायूच अधिक पकडू लागते आणि केलेली मेहनत वाया जाते. त्याला कामास जुंपणारे मदतनीस विकर तर उष्णतेने त्याच्याही आधी ढेपाळते. शिवाय श्वसन वाढते, म्हणजे कमाई घटत असतानाच खर्च चढतो.

त्यात पाण्याचा प्रश्न असतोच. डब्यातल्या मूठभर मातीतले पाणी संपत आले, की तुळस पर्णरंध्रे मिटते. पाणी वाचते, पण कार्बन डाय-ऑक्साइडची वाटही बंद होते. बाष्पोत्सर्जन थांबल्याने पान थंड राहत नाही आणि भोवतालच्या हवेहून तापते. उष्णता आणि पाणी यांची ही गुंतागुंत मुंबईतच अभ्यासली गेली होती. फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. आर. एच. दस्तूर यांनी १९२४ साली पानातले पाणी हाही प्रकाशसंश्लेषणाचा एक घटक आहे, असे मांडले. पुढे १९३३ साली देसाई यांच्यासह त्यांनी उष्ण प्रदेशातल्या काही वनस्पतींचा वेगवेगळ्या तापमानांत याच दृष्टीने अभ्यास केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव का येऊ नये, असे मला नेहमी वाटते.

सगळ्याच वनस्पती तुळशीसारख्या नसतात. दादरच्या फुलबाजारात जुड्यांनी मिळणाऱ्या दूर्वा पाहा. ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्याप्रमाणे त्या रुबिस्कोभोवती कार्बन डाय-ऑक्साइड साठवून ठेवतात, त्यामुळे त्याची चूक होत नाही. ३५ अंशांतही त्यांचे काम जोरात चालते.

हे पडताळायचे असेल, तर मत्स्यपात्रांच्या दुकानातून हायड्रिलाच्या काही काड्या आणा. एका ताज्या काडीचे कापलेले टोक वर करून ती पाण्याच्या काचपात्रात ठेवा. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड कमी पडणार नाही. दिवा एकाच अंतरावर ठेवून १५, २५, ३५ आणि ४५ अंशांना मिनिटभरातले बुडबुडे मोजा. प्रत्येक तापमानाला आधी पाच मिनिटे थांबा. दिव्याने पाणी तापते, म्हणून तापमापी आतच राहू द्या.

एक फसगत मात्र टाळायला हवी. पाणी तापले, की त्यात विरघळलेली हवा आपोआप बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि तीही आपण प्राणवायू म्हणून मोजून बसतो. यासाठी तसेच दुसरे काचपात्र काळ्या कागदात गुंडाळून त्याच तापमानाला ठेवा. मोजण्यापुरता कागद जरासा बाजूला करून त्यातले बुडबुडेही मोजा आणि पहिल्या संख्येतून वजा करा. ३५ आणि ४५ अंशांच्या आकड्यांत ही वजाबाकी विसरू नका.