एव्हरेस्टच्या माथ्यावर कोणतं घड्याळ?

दिल्लीच्या चाणक्यपुरीत न्यूझीलंडचं उच्चायुक्तालय ज्या रस्त्यावर आहे, त्याला सर एडमंड हिलरी यांचं नाव आहे. १९८५ ते १९८९ या काळात हिलरी याच शहरात आपल्या देशाचे उच्चायुक्त होते. दिल्लीने मात्र त्यांना त्याच्या खूप आधी पाहिलं होतं. १९५३ साली एव्हरेस्ट सर करून तेनसिंग नोर्गे, हिलरी आणि मोहिमेचे नेते जॉन हंट दिल्लीत आले, तेव्हा जो तो एकच विचारत होता: शिखरावर पहिलं पाऊल कुणाचं? दोन वर्षांनी तेनसिंग यांनी आत्मचरित्रात त्याचा निकाल लावला. हिलरी त्यांच्या काही पावलं पुढे होते.

दुसरा वाद मात्र जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये अजून मिटलेला नाही. त्या दोघांच्या मनगटावर कोणतं घड्याळ होतं?

प्रश्न वरवरचा वाटेल, पण २९ मे १९५३ची ती सकाळ नीट पाहिली की त्याचं वजन कळतं. रात्री पारा उणे २७ अंशांपर्यंत उतरला होता. साडेसहाला दोघे निघाले आणि नऊच्या सुमारास माथ्याच्या अलीकडच्या दक्षिण शिखरावर पोचले. तिथे प्रत्येकाकडे ऑक्सिजनची एकेक भरलेली बाटली उरली होती. हिलरींनी हिशेब मांडला: ८०० लिटर ऑक्सिजन, मिनिटाला तीन लिटर, म्हणजे जेमतेम साडेचार तास. तेवढ्यात वर जायचं होतं आणि खालीही यायचं होतं. साडेअकराला ते माथ्यावर होते आणि तिथे थांबले जेमतेम पंधरा मिनिटं. अशा जागी घड्याळ म्हणजे श्वासांची वहीच. त्यात कडाक्याच्या थंडीत घड्याळातलं तेल घट्ट होतं आणि चाकं रेंगाळू लागतात. घड्याळ मागे पडलं, तर श्वासांचा हिशेबही चुकला. मोहिमेसाठी घड्याळं निवडताना ती गोठवणाऱ्या थंडीत चालतात का, हे म्हणूनच पाहावं लागतं.

या मोहिमेला घड्याळं पुरवणाऱ्या कंपन्या दोन होत्या: स्वित्झर्लंडची रोलेक्स आणि इंग्लंडची स्मिथ्स. स्मिथ्सचं 'डीलक्स' चेल्टनहॅममध्ये बनायचं. चावी द्यायचं, साधं, किमतीने रोलेक्सच्या जवळपासही न फिरकणारं. हिलरींनी शिखरावर आपण हेच घड्याळ नेल्याचं कंपनीला कळवलं आणि कंपनीने त्याची जोरदार जाहिरात केली. ते घड्याळ आज लंडनच्या सायन्स म्युझियममधल्या घड्याळजींच्या संग्रहालयात आहे. पण जगभर नाव झालं ते रोलेक्सचं. १९५३ सालीच कंपनीने 'एक्स्प्लोरर' नावाचं घड्याळ बाजारात आणलं आणि एव्हरेस्टशी त्याचं नातं लोकांच्या मनात कायमचं बसलं.

घोटाळा वाढतो तो हिलरींकडे खरोखरच एक रोलेक्स असल्यामुळे. ते त्यांना कलकत्त्याच्या बोसेक या विक्रेत्यांनी शिखर सर झाल्यानंतर भेट दिलं. म्हणजे 'हिलरींचं रोलेक्स' ही वस्तू खरी, पण ती शिखरावर गेलेली नाही. मालकी वेगळी आणि शिखरावरची सोबत वेगळी. लिलावाच्या बाजारात या दोन्ही गोष्टी किती सहज एक होऊन जातात! २०१७ साली हे घड्याळ जिनिव्हात विक्रीला निघालं, तेव्हा हिलरींची मुलं न्यूझीलंडच्या न्यायालयात गेली आणि विक्री थांबली.

तेनसिंग यांच्या हातावर रोलेक्स होतं असं मानतात. त्यामागे स्विस मैत्री आहे. आदल्या वर्षी, २८ मे १९५२ला, स्विस गिर्यारोहक रेमंड लँबेर यांच्याबरोबर ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत जाऊन परतले होते. शिखराच्या दिवशी अंगावर काय काय होतं, ते तेनसिंग यांनी मोठ्या आपुलकीने नोंदवून ठेवलं आहे: पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले मोजे, लँबेर यांनी दिलेला लाल स्कार्फ, गिर्यारोहक अर्ल डेनमन यांनी मागे ठेवलेली लोकरी टोपी. कुणी दिलं आणि का दिलं, एवढ्या नोंदीनेच त्या साध्या वस्तूंना मोल आलं. घड्याळांच्या बाबतीतही इतकी काळजी घेतली गेली असती, तर सत्तर वर्षांचा वाद झालाच नसता.

हातून गेलेली वस्तू कुठल्या कुठे जाते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे सोन्याचं रोलेक्स होतं. त्याच्या डायलवर मीनाकारीत भारताचा नकाशा होता आणि २६ जानेवारी १९५० ही तारीखही. १९६४ साली ते चोरीला गेलं. २०११ साली ते जिनिव्हात सोदबीजच्या लिलावाच्या यादीत दिसलं आणि भारतातून हरकत आल्यावर विक्रीतून मागे घेतलं गेलं. एवढं ठसठशीत घड्याळ असूनही ते सत्तेचाळीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या हाती फिरत राहिलं. ज्याच्यावर नकाशा नाही आणि तारीखही नाही, असं गिर्यारोहकाचं घड्याळ कोण ओळखणार?

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. म्हणजे १९५३चं घड्याळ २०५३पर्यंत पुरावस्तू ठरणार नाही. तोवर ते जपणं घरच्यांच्याच हाती आहे. १९६५मध्ये कॅप्टन मनमोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली नऊ भारतीय एव्हरेस्टवर पोचले. त्यानंतरही महाराष्ट्रापासून ईशान्येपर्यंत कितीतरी जण शिखरावर गेले. यांतल्या प्रत्येकाच्या घरात असं एखादं घड्याळ असू शकतं. मालकाकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात: हे कधी घेतलं, कोणत्या चढाईत हातावर होतं. चढाईच्या फोटोत मनगट दिसत असेल, तर तो फोटो घड्याळासोबत ठेवावा. दिल्लीत बेनितो हुआरेस मार्गावर भारतीय गिर्यारोहण फाउंडेशनचं संग्रहालय आहे, तिथेही विचारता येतं. आणि घड्याळजीकडे दुरुस्तीला देताना बजावून सांगावं की डायल नवा करू नका आणि मागचं झाकण घासून चकचकीत करू नका, कारण कोरलेलं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं.