केडगावची मुक्ती : कुंपणाआडचं बायकांचं गाव

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. बातम्या ऐकून पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे गेल्या. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. १८७४ मध्ये आई, वडील आणि बहीण त्यांनी अशाच उपासमारीत गमावली होती. परतताना त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका सोबत आणल्या. पुण्यात प्लेग होता आणि इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारी मनाई. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये तिथे रीतसर मुक्ती सदन उघडलं. पाठोपाठ गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या बायकांचं गाव पुरुषांवाचून चालवायचं, तर त्यांची कामंही बायकांनीच उचलायला हवीत. मुक्तीत शेती होती, विहिरी होत्या, गोठा होता. माग चालत, तेलाचा घाणा फिरे, शिवणकाम होई, आणि छापखान्यात मुली शिशाचे खिळे जुळवत. पुढे जिची जशी गरज तसं घर निघालं. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन. अंध मुलींना ब्रेल शिकवण्यात रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांचा पुढाकार होता. बाहेर ज्या विधवेला सोवळं आणि एक कोपरा एवढंच मिळत होतं, ती इथे शिक्षिका होत होती, विणकर होत होती.

या सगळ्याला बांधणारं सूत्र मात्र धर्माचं होतं, आणि तेही कडक धर्माचं. दिवस प्रार्थनेने सुरू होई, प्रार्थनेने संपे. बायबलातला शब्द न् शब्द खरा मानायचा, त्याची चिकित्सा करायची नाही. पैशासाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, देवापुढे मागायचं; तो देणाऱ्याच्या मनात घालील. अर्थात ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे पत्रक परदेशात जात होतं, त्यामुळे देणाऱ्यांना मुक्तीची गरज कळत होती. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातून मदत येत राहिली.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करणाऱ्या स्वयंसेविका मागितल्या. सत्तर जणी पुढे आल्या; जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्याचा अनुभव आला. पाहणारी धावत पाण्याची बादली आणायला गेली, असं मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरीबाईंनी लिहून ठेवलं आहे. मग रडणं, पापांची कबुली, अनोळखी भाषांत बोलणं यांची लाटच आली. लॉस एंजेलिसमधलं अझुसा स्ट्रीटचं प्रसिद्ध उज्जीवन, जिथून पेन्टेकॉस्टल चळवळ पसरली असं सहसा मानतात, ते त्यानंतरचं, १९०६ चं. एब्रम्सबाईंनी मुक्तीच्या अनुभवावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपराइसोला, आपल्या वर्गमैत्रिणीला पाठवली. चिलीतल्या पेन्टेकॉस्टल चळवळीचा इतिहास त्या पुस्तिकेपाशी येतोच. दौंड तालुक्यातल्या दुष्काळग्रस्त मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेत पोचली ती अशी.

रमाबाईंच्या कामावरचे आक्षेप मुक्तीच्याही आधीपासूनचे आहेत. पुण्यातल्या त्यांच्या आधीच्या संस्थेत, शारदा सदनात, हिंदू मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचं दिसताच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने तर झोडपूनच काढलं. केडगावात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जिला दुसरं छप्पर नाही, तिचा बाप्तिस्मा कितपत तिच्या मर्जीचा? रमाबाईंच्या लेखी भाकरी आणि तारण वेगळी नव्हती, त्यामुळे हा प्रश्न त्यांना तितकासा टोचला नाही. आपल्याला तो टोचायला हवा. पण भाकर घेऊन त्या मुलींपर्यंत गेलेले किती होते, हेही त्याच दमात विचारायला हवं.

त्या कडवेपणातूनच मुक्तीचं सर्वांत धाडसी काम निघालं. शास्त्राचा प्रत्येक शब्द देवाचा, मग तो कमी शिकलेल्या बाईलाही कळला पाहिजे. आणि प्रचलित मराठी बायबल रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. संस्कृतच्या या पंडितेने मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवलं. छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. चर्चांमधून मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जात राहिली.

केडगावचं काम आजही पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने चालू आहे. विदुषी रमाबाई आपल्याला जवळच्या वाटतात, मिशनरी रमाबाई अडचणीच्या. मुक्तीत मात्र ही वाटणी करता येत नाही. ज्या श्रद्धेने मुलींना चिकित्सेची मुभा नाकारली, तिनेच त्यांच्या हाती छापखाना दिला.